काट्याला पत्ता एकच, पीसी दोन: सर्व्हर प्रोग्राम व्हर्च्युअल आयपीवर बाइंड करताना

"दादा, बाइंडच हुईना झालंय."

शाहूपुरीत एका गूळ व्यापाऱ्याच्या पेढीवर, माडीवरच्या खोलीत, पोरगं डोकं धरून बसलं होतं. पॉलिटेक्निक नुकतंच संपवून माझ्याकडं कामाला लागलेलं. प्रोग्राम शंभरेक ओळींचा, पायथॉनचा. लॅपटॉपवर मस्त चालायचा, इथं मात्र सुरू करताच पडायचा. एरर दरवेळी तीच: 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस'. पठ्ठ्यानं तीनदा पोर्ट बदलून पाहिला होता. पोर्टचा बिचाऱ्याचा काही दोषच नव्हता.

बाइंड, लिसन, ॲक्सेप्ट (पत्ता-पोर्ट धरणं, ऐकत बसणं, आलेलं कनेक्शन घेणं) ही त्रिसूत्री ज्यांना येते, पण व्हर्च्युअल आयपी हे नाव ऐकलं की पोटात गोळा येतो, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरण लिनक्सचं आहे. कमांड मी बोलतो तशा देवनागरीत लिहिल्यात. टर्मिनलवर अर्थातच रोमन लिपीतली लहान अक्षरं आणि इंग्रजी आकडेच द्यायचे.

काम काय होतं

पेढीच्या गोदामात तीन इलेक्ट्रॉनिक वजनकाटे आहेत. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, काट्यावर ठेवला की काटा वजनाचा आकडा नेटवर्कवरून टीसीपीनं सर्व्हरला पाठवतो. सर्व्हर म्हणजे तळमजल्यावरचा एक साधा पीसी, पोर्ट ९०००. सर्व्हरचा आयपी काट्याच्या आतल्या सेटिंगमध्ये एकदाच भरलेला असतो. तो बदलायचा तर काट्यांचा माणूस बोलवा, त्याच्याकडचा पासवर्ड, त्याची सवड.

आता शाहूपुरीत तळमजला म्हणजे काय हे कोल्हापूरकराला सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर, मग २०२१ च्या जुलैतला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. ३९ चा आकडा मोबाइलवर आला की मालक तळमजला आवरायला घेतात आणि पहिला उचलतात तो पीसी. म्हणून माडीवर दुसरा पीसी बसवला. पण काट्यांना कोण सांगणार की सर्व्हर आता वर गेलाय?

उत्तर असं: काट्यांना दोन्ही पीसींपैकी कुणाचाच खरा पत्ता द्यायचा नाही. तिसराच एक पत्ता द्यायचा, जो आज तळमजल्यावरच्या पीसीकडं असेल, उद्या माडीवरच्या. हा फिरता पत्ता म्हणजे व्हर्च्युअल आयपी. आमच्याकडं तळमजला १९२.१६८.१०.११, माडी १९२.१६८.१०.१२ आणि फिरता पत्ता १९२.१६८.१०.५०. पुढं सगळीकडं हेच आकडे वापरतो, म्हणजे गोंधळ नको. नेटवर्क कार्डाचं नाव दोन्हीकडं ईएनपी२एस० आहे. तुमचं वेगळं असेल.

पत्ता प्रोग्रामचा नसतो

त्या पोराची गफलत इथंच झाली होती, आणि नव्यानं शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची होते. त्याला वाटलं, बाइंडला १९२.१६८.१०.५० दिलं की तो पत्ता त्या पीसीला मिळतो. तसं नसतं. पत्ता असतो ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलकडं, म्हणजे गाभ्याकडं, कुठल्यातरी नेटवर्क कार्डावर चढवलेला. बाइंड म्हणजे फक्त कर्नलला सांगणं, 'या पत्त्यावर, या पोर्टावर येणारं गिऱ्हाईक माझ्याकडं पाठव.' गाळा तुमच्या नावावर असेल तर त्यावर दुकानाची पाटी लावता येते. गाळाच नावावर नसेल तर पाटी कितीही चांगली रंगवा, लावू कोण देणार? लिनक्स अशा वेळी एरर क्रमांक ९९ देतो, तीच ती 'कॅनॉट असाइन'. विंडोजवर तिचा आकडा १००४९.

त्यामुळं ९९ दिसली की पोर्टाकडं बघायचंच नाही. पत्ता कार्डावर आहे का, एवढंच बघायचं. 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' ही ९८ क्रमांकाची एरर वेगळी. तिथं पत्ता आहे, पण त्या पोर्टावर आधीच कुणीतरी बसलंय. आणि १०२४ च्या खालचा पोर्ट साध्या युजरनं मागितला की 'परमिशन डिनाइड', क्रमांक १३. या तीन एररा एकमेकींपासून ओळखता आल्या की निम्मा वेळ वाचतो.

पण व्हर्च्युअल आयपीवर बाइंड करायचंच आहे का?

हा प्रश्न आधी विचारा, कारण पुष्कळदा उत्तर 'नाही' असतं. प्रोग्रामला ०.०.०.० वर बाइंड केलं, म्हणजे या मशिनीवरच्या सगळ्या पत्त्यांवर, तर आज असलेला पत्ता आणि उद्या येणारा पत्ता दोन्ही त्यात आपसूक येतात. व्हर्च्युअल आयपी आला की प्रोग्राम त्यावर ऐकतो, गेला की नाही. प्रोग्रामला पत्ता पाठ असायची गरजच उरत नाही. साधं काम असेल तर मी तरी हाच रस्ता सांगेन.

नेमक्या पत्त्यावर बाइंड करावं लागतं ते तीन प्रसंगी. एक, त्याच पीसीवर त्याच पोर्टावर दुसरा प्रोग्रामही चालवायचा आहे, फक्त वेगळ्या पत्त्यावर. पेढीत हेच होतं: खऱ्या पत्त्यावर ९००० पोर्टाला जुनं बिलिंग बसलेलं, आणि ते बदलायला मालक तयार नव्हते. इथं एक खाच आहे. दोघांपैकी एक जरी ०.०.०.० वर ऐकत बसला असेल, तर दुसऱ्याला त्या पोर्टाचा नेमका पत्ताही मिळत नाही, ९८ येते. दोघांनीही आपापला पत्ता नेमका सांगायला हवा.

दोन, फिरत्या पत्त्याशिवाय दुसऱ्या दारानं कुणी येऊच नये असं वाटत असेल. कुणीतरी सोयीसाठी एखाद्या काट्यात खरा पत्ता भरून ठेवतो, सहा महिने सगळं सुरळीत, आणि नेमका पुराच्या दिवशी तो एकच काटा मुका होतो.

तीन, यूडीपी, म्हणजे कनेक्शन न जोडता सुटी पाकिटं पाठवायची पद्धत. टीसीपीत ज्या पत्त्यावर गिऱ्हाईक आलं त्याच पत्त्यावरून उत्तर जातं. यूडीपीत ०.०.०.० वर बाइंड केलेला सर्व्हर उत्तर पाठवताना कर्नलच्या राउटिंगप्रमाणं स्वतःचा मुख्य पत्ता लावून पाठवतो. काट्यानं विचारलं ५० ला, उत्तर आलं ११ कडून. 'हा कोण?' म्हणून काटा ते टाकून देतो. डीएनएसचा (नावावरून आयपी सांगणारा) जुना प्रसिद्ध सर्व्हर, ज्याचं नावच योगायोगानं बाइंड आहे, तो याच भानगडीपायी मशिनीवरच्या प्रत्येक पत्त्यावर वेगळं सॉकेट, म्हणजे प्रोग्रामचं नेटवर्कवरचं दार, उघडतो.

पायरी पहिली: पत्ता निवडणं

राउटर ज्या टप्प्यातून आपोआप पत्ते वाटतो, म्हणजे डीएचसीपीचा टप्पा, त्याच्या बाहेरचाच पत्ता घ्या. हे मी एकदा केलं नव्हतं. एका कारखान्यात व्हर्च्युअल आयपी डीएचसीपीच्याच टप्प्यात टाकला. दोन महिने काही नाही. मग एका सोमवारी तो पत्ता ऑफिसातल्या प्रिंटरला मिळाला, आणि मशिनींकडून येणारा डेटा कधी सर्व्हरकडं, कधी प्रिंटरकडं. प्रिंटरमधून आकड्यांचे कागद पडायला लागले तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली.

पत्ता मोकळा आहे का हे पिंग करून तपासतात सगळे, पण पिंगला फायरवॉल उत्तर देऊ देत नाही असं होतं. त्यापेक्षा एआरपीनं, म्हणजे 'हा आयपी कुणाचा?' अशी नेटवर्कवर हाक मारून, विचारा: टर्मिनलवर एआरपिंग, मग उणे चिन्ह आणि मोठा डी, उणे चिन्ह आणि मोठा आय, कार्डाचं नाव, शेवटी पत्ता. कुणाचंच उत्तर आलं नाही तर पत्ता मोकळा. अर्थात जे यंत्र बंदच आहे ते कशालाच उत्तर देणार नाही. म्हणून राउटरमधली यादीही बघा. आणि निवडलेला पत्ता वहीत लिहा, पेढीच्या वहीत, तुमच्या डायरीत नव्हे.

पायरी दुसरी: पत्ता हातानं चढवून बघणं

एकदम स्वयंचलित बदलाच्या मागं लागू नका. आधी एकाच पीसीवर हातानं:

सुडो आयपी ॲड्रेस ॲड १९२.१६८.१०.५०/३२ डेव्ह ईएनपी२एस०

शेवटचा /३२ (म्हणजे फक्त हा एकच पत्ता) मुद्दाम. /२४ (म्हणजे १९२.१६८.१० चं अख्खं नेटवर्क) दिलं तरी चालतं, पण मग तो पत्ता कार्डावरच्या मुख्य पत्त्याचा धाकटा भाऊ बनतो, आणि काही सिस्टीमवर मुख्य पत्ता काढला की धाकटाही सोबत निघून जातो. /३२ नं तो स्वतंत्र राहतो. पूर्वीच्या पुस्तकांत इफकॉन्फिग वापरून कार्डाच्या नावापुढं कोलन आणि शून्य लावायची पद्धत दिसेल. ती जुनी झाली, तिच्या वाटेला जाऊ नका.

आता 'आयपी ॲड्रेस शो' केलं की कार्डाखाली दोन पत्ते दिसतील. काढायचा तर ॲडच्या जागी डेल. पीसी रीस्टार्ट झाला की हा पत्ता पुसला जातो, आणि सध्या तेच बरं. घाईघाईनं नेटप्लॅनच्या (उबुंटूतल्या नेटवर्क सेटिंगच्या) फाइलमध्ये कायमचा लिहून ठेवू नका. दोन्ही पीसींवर कायमचा लिहिला तर दोघंही एकाच वेळी 'मीच ५०' म्हणत उठतील.

पायरी तिसरी: प्रोग्राममध्ये पत्ता देणं

पायथॉनमध्ये बाइंडला एकच गोष्ट द्यायची असते, पण ती जोडी असते: अवतरणचिन्हांत पत्ता आणि आकड्यात पोर्ट, दोन्ही मिळून एका कंसात. म्हणून कंसात कंस येतो. तो आतला कंस विसरणं हा नवख्यांचा राष्ट्रीय छंद आहे. जावात सर्व्हरसॉकेटला तीन गोष्टी लागतात: पोर्ट, बॅकलॉग (रांगेत किती कनेक्शनं थांबू द्यायची तो आकडा) आणि पत्ता, याच क्रमानं, दोनच दिल्या तर दुसरी बॅकलॉग म्हणून धरली जाते. नोडमध्ये लिसनला आधी पोर्ट, मग पत्ता.

बाइंडच्या आधी, नंतर नव्हे, सॉकेटवर रीयूजॲड्रेस हा पर्याय चालू करा. प्रोग्राम बंद करून लगेच चालू केला की जुनी कनेक्शनं लिनक्समध्ये साठ सेकंद 'टाइम वेट' अवस्थेत रेंगाळतात आणि तोवर बाइंड ९८ देतं. हा पर्याय तेवढ्यापुरता आहे. खरोखर ऐकत बसलेल्या दुसऱ्या प्रोग्रामला तो उठवत नाही.

आणि पत्ता कोडात कोरून ठेवू नका. कॉन्फिग फाइलमधून घ्या. वर शंभर ओळींचा प्रोग्राम म्हणालो, त्यातल्या चार ठिकाणी त्या पोरानं ५० लिहिला होता आणि एका ठिकाणी ५.

पायरी चौथी: खरंच तिथं बसलाय का?

एसएस ही कमांड, पुढं उणे चिन्ह आणि एल, टी, एन, पी ही चार अक्षरं. ऐकत बसलेल्या सगळ्या टीसीपी सॉकेटांची यादी येते. 'लोकल ॲड्रेस'च्या रकान्यात १९२.१६८.१०.५०:९००० दिसलं तर काम फत्ते. ०.०.०.०:९००० किंवा तारा आणि ९००० दिसलं तर प्रोग्राम सगळ्या पत्त्यांवर ऐकतोय, तुमची कॉन्फिग त्यानं वाचलेलीच नाही.

यानंतर लोक त्याच पीसीवरून १२७.०.०.१ ला कनेक्ट करून बघतात, 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येतं, आणि घाबरतात. यायलाच पाहिजे, पाटी ५० वर लावलीय, १२७ वर नाही. मग त्याच पीसीवरून ५० ला कनेक्ट करतात, लागतं, आणि खूश होतात. तेही खरं नव्हे. स्वतःच्याच पत्त्याला जाणारं पाकीट कर्नल आतल्या आत फिरवतो, केबलपर्यंत येतच नाही. केबल उपटली असली तरी ही चाचणी पास होईल. तिसऱ्या यंत्रावरून, स्विचमधून येऊन तपासलं तरच तपासलं म्हणायचं.

आता हातानंच पत्ता तळमजल्यावरून काढा आणि माडीवर चढवा. काय होतं बघा: तिसरं यंत्र अजून तळमजल्यावरच हाका मारतंय. कारण त्याच्या एआरपी तक्त्यात '५० म्हणजे अमुक मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक)' हे जुनंच लिहिलेलं आहे. आयपी आणि मॅकची ही जोडी प्रत्येक यंत्र काही काळ लक्षात ठेवतं, आणि हातानं पत्ता चढवल्यावर लिनक्स आपणहोऊन दवंडी पिटत नाही. ती आपण पिटायची: माडीवरच्या पीसीवर एआरपिंग, उणे मोठा यू, उणे सी ३, उणे मोठा आय, कार्ड, पत्ता. याला ग्रॅच्युइटस एआरपी म्हणतात, कुणी न विचारता दिलेलं उत्तर. 'ऐका हो ऐका, ५० आता माझ्याकडं.' तीन हाळ्या दिल्या की स्विच आणि काटे दोघंही शहाणे होतात. हा प्रयोग हातानं एकदा तरी करा; पुढचं सॉफ्टवेअर नेमकं काय करतं हे मग कुणी समजावून सांगावं लागत नाही.

पायरी पाचवी: कीपअलाइव्हडी

हे सगळं आपोआप करणारा प्रोग्राम म्हणजे कीपअलाइव्हडी. दोन पीसी एकमेकांना व्हीआरआरपी नावाच्या प्रोटोकॉलनं 'मी आहे, मी आहे' सांगत राहतात. खरं तर बोलतो एकटा मास्टर, म्हणजे पत्ता ज्याच्याकडं आहे तो, दुसरा नुसता ऐकतो. आवाज थांबला की दुसरा पत्ता स्वतःच्या कार्डावर चढवतो आणि दवंडी पिटतो.

कॉन्फिग फाइलमध्ये व्हीआरआरपी इन्स्टन्सचा एक भाग लिहायचा. त्यात मोजक्याच ओळी: स्टेट, इंटरफेस, व्हर्च्युअल राउटर आयडी, प्रायॉरिटी, ॲडव्हर्ट इंट आणि शेवटी व्हर्च्युअल आयपीॲड्रेस. जोडशब्द फाइलमध्ये अंडरस्कोअरनं जोडलेले असतात. राउटर आयडी १ ते २५५ मधला कोणताही, पण दोन्ही पीसींवर सारखाच आणि त्या नेटवर्कवर दुसऱ्या कुणी न वापरलेला. प्रायॉरिटी तळमजल्याला १५०, माडीला १००. ॲडव्हर्ट इंट १, म्हणजे दर सेकंदाला एक हाक.

किती वेळात पत्ता फिरतो? तीन हाका चुकेपर्यंत थांबायचं, वर २५६ मधून प्रायॉरिटी वजा करून २५६ नं भागलेले सेकंद. माडीची प्रायॉरिटी १०० म्हणून ३ अधिक १५६ भागिले २५६, म्हणजे साधारण ३.६ सेकंद. हे लाईट गेली किंवा केबल निघाली तर. कीपअलाइव्हडी रीतसर बंद केला तर तो जाताना 'मी चाललो' असं सांगून जातो आणि मग सेकंदाच्या आतच बदल होतो.

स्टेटबद्दल माझं मत: दोन्हीकडं बॅकअप लिहा आणि नोप्रीएम्प्ट हा शब्द घाला. नाहीतर तळमजल्यावरचा पीसी परत सुरू झाला की जास्त प्रायॉरिटीच्या जोरावर पत्ता लगेच हिसकावून घेतो, आणि भर लिलावाच्या वेळी कनेक्शनं दुसऱ्यांदा तुटतात. वर नीट चाललंय तर चालू दे की. सवडीनं रात्री खाली आणू.

फायरवॉल विसरू नका. व्हीआरआरपी ना टीसीपी, ना यूडीपी. त्याचा स्वतःचा प्रोटोकॉल क्रमांक आहे, ११२, आणि हाका जातात २२४.०.०.१८ या मल्टिकास्ट पत्त्यावर. फायरवॉलनं ते अडवलं तर दोघांनाही वाटतं दुसरा गेला, आणि दोघंही पत्ता चढवून बसतात. खासबागेत दोन पैलवान एकाच वेळी 'मीच जिंकलो' म्हणून खांद्यावर चढावेत तसं. लक्षण सोपं: दोन्ही पीसींवर 'आयपी ॲड्रेस शो'मध्ये ५० दिसतो, आणि तिसऱ्या यंत्रावरून एआरपिंग केलं तर दोन वेगळ्या मॅककडून उत्तरं येतात.

पायरी सहावी: ज्याच्याकडं पत्ता नाही, तिथला प्रोग्राम

आता सुरुवातीच्या रडगाण्याकडं येऊ. माडीवरच्या पीसीवर पत्ता अजून आलेलाच नाही, येईल तेव्हा येईल. पण प्रोग्राम आधीपासून तयार बसलेला हवा. बाइंड मात्र ९९ देणार. करायचं काय?

लिनक्समध्ये याला दोन वाटा आहेत. पहिली अख्ख्या पीसीसाठी: नेट डॉट आयपीव्ही४ डॉट आयपी नॉनलोकल बाइंड या कर्नल सेटिंगला १ करायचं, शेवटचे तीन शब्द अंडरस्कोअरनं जोडून. कायम राहावं म्हणून इटीसी खालच्या सिस्सीटीएल डॉट डी या फोल्डरमधल्या फाइलमध्ये ती ओळ लिहायची. मग नावावर नसलेल्या गाळ्याची पाटीही कर्नल लावू देतो. प्रोग्राम ५० वर बसतो, कुणी येत नाही, शांत. पत्ता आला की गिऱ्हाईक सुरू. आणि पत्ता निघून गेला तरी ऐकणारं सॉकेट मरत नाही. परत आला की तेच सॉकेट पुन्हा कामाला लागतं.

दुसरी वाट फक्त तुमच्या प्रोग्रामपुरती: बाइंडच्या आधी सॉकेटवर आयपी फ्रीबाइंड हा पर्याय चालू करा. लिनक्सवर त्याचा आकडा १५. पायथॉनमध्ये नाव सापडलं नाही तर आकडा दिला तरी चालतो. कोड तुमच्या हातात असेल तर मी हीच वाट घेईन, कारण पहिली सगळ्याच प्रोग्रामांना मोकळं रान देते.

दोन्हींची किंमत मात्र एकच. पत्ता चुकून ५० च्या जागी ५ लिहिलात, तर पूर्वी ९९ ओरडून सांगायची. आता कुणी काही बोलत नाही. प्रोग्राम थाटात सुरू होतो, लॉगमध्ये 'लिसनिंग' येतं, आणि कोणीच येत नाही. पोराच्या त्या एका ५ नं आमचा अख्खा शनिवार खाल्ला. तेव्हापासून प्रोग्राम सुरू होताना बाइंड केलेला पत्ता लॉगमध्ये छापतो, आणि तो डोळ्यांनी वाचतो.

तब्येतीची तपासणी, आणि तिच्यातला चकवा

पीसी जिवंत, पण प्रोग्राम मेला, तर? हाका चालूच राहतील आणि पत्ता मेलेल्या दुकानापाशी बसून राहील. म्हणून कीपअलाइव्हडीला तपासणीची स्क्रिप्ट जोडतात. ती नापास झाली की तो पत्ता सोडून देतो.

स्क्रिप्ट लिहिताना सगळे पहिल्यांदा हेच लिहितात: ५० ला, ९००० वर कनेक्ट करून बघ. नीट विचार करा. माडीवरच्या पीसीवर ही स्क्रिप्ट चालली तर ती कुठं जाईल? ५० आत्ता तळमजल्याकडं आहे, म्हणजे माडी तळमजल्याची नाडी बघून स्वतः ठणठणीत असल्याचं सर्टिफिकेट घेतेय. माडीवरचा प्रोग्राम आठवडाभर बंद असला तरी हिरवा दिवा. आणि तळमजला पडला की मग कळणार.

त्यामुळं तपासणी स्वतःच्याच घरात हवी. एसएसच्या यादीत आपलं सॉकेट आहे का हे ग्रेपनं (मजकूर शोधायच्या कमांडनं) बघणं हा कमीत कमी उपाय. नुसत्या एसएसच्या एक्झिट कोडवर विसंबू नका, काही सापडलं नाही तरी तो शून्यच देतो. पण प्रोग्राम आतून अडकला असेल तर सॉकेट दिसतं आणि उत्तर मात्र मिळत नाही. आम्ही प्रोग्राममध्ये दुसरं छोटं सॉकेट उघडलं, १२७.०.०.१ वर, पोर्ट ९००१. कनेक्ट केलं की शेवटचं वजन कधी आलं तेवढी एक ओळ देतं. स्क्रिप्ट तेच विचारते.

पत्ता फिरतो, कनेक्शन नाही

टीसीपी कनेक्शनची सगळी स्मृती त्या त्या पीसीच्या कर्नलमध्ये असते, ती पत्त्याबरोबर वर जात नाही. पत्ता माडीवर आल्यावर काट्यानं जुन्याच कनेक्शनवरून वजन पाठवलं तर माडी 'मी तुला ओळखत नाही' म्हणून रीसेट पाठवते. काट्यानं पुन्हा कनेक्ट केलं पाहिजे. आमचे काटे पाच सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करतात, नशीब. नुसतं ऐकत बसणाऱ्या क्लायंटला मात्र हे कळतच नाही, कारण तो काही पाठवतच नाही. टीसीपीचा कीपअलाइव्ह मुद्दाम चालू केला तरी लिनक्सवर त्याची पहिली विचारणा ७२०० सेकंदांनी होते, म्हणजे दोन तास. तो आकडा कमी करा. सर्व्हरच्या बाजूनंही रिसीव्हला टाइमआउट लावा, नाहीतर तळमजल्यावर मेलेल्या कनेक्शनांचे थ्रेड आशेवर बसून राहतात.

सर्व्हर स्वतः बाहेर कुठं कनेक्ट करत असेल तर तो ५० या पत्त्यावरून जात नाही, मुख्य पत्त्यावरून जातो, ऐकणारं सॉकेट कुठंही बाइंड केलेलं असो. ५० वरूनच जायचं असेल तर त्या बाहेर जाणाऱ्या सॉकेटलाही कनेक्टच्या आधी बाइंड करा. पत्ता ५०, पोर्ट शून्य. शून्य म्हणजे मोकळा असेल तो घे.

डॉकर वापरत असाल तर कंटेनरच्या आत ५० वर बाइंड करू नका. त्याचं नेटवर्क वेगळं, तिथं तो पत्ताच नाही. आत ०.०.०.० ठेवा आणि बाहेरचा पोर्ट जोडताना पोर्टाच्या आधी ५० चा पूर्ण पत्ता लिहा. क्लाउडवरच्या मशिनींना बहुतेक ठिकाणी दवंडीचा उपयोग नाही. तिथं पत्ता हलवायचा तर क्लाउडवाल्याच्याच एपीआयला सांगावं लागतं. विंडोजवर पत्ता नेटएसएच कमांडनं चढवता येतो, पण फिरत्या पत्त्यासाठी तिथं मी ०.०.०.० च वापरतो आणि डोकेदुखी टाळतो.

दरवर्षी मे संपत आला की पेढीवर आमची रंगीत तालीम असते. दुपारी लिलाव आटोपल्यावर. आधी तळमजल्यावर नुसता प्रोग्राम मारायचा. मग दुसऱ्यांदा केबल उपटायची. तिसऱ्यांदा सरळ पीसीचं बटण बंद. तिन्ही वेगवेगळे बिघाड आहेत आणि तिन्हींचा वेळ वेगळा येतो, म्हणून तिन्ही करायचे, आणि प्रत्येक वेळी माडीवर 'आयपी ॲड्रेस शो' आणि एसएस, दोन्ही बघायचे.

गेल्या वेळी बटण त्या पोरानंच दाबलं. हमालमामांनी ३० किलोचा रवा काट्यावर ठेवला, मी माडीवर स्क्रीनपुढं. चार सेकंद, पाच, सात. खालून आवाज आला, "दादा, आलं काय?" नवव्या सेकंदाला आकडा उमटला: ३०.१५. मामा खालूनच ओरडले, "बारदान मोजू नका म्हणावं त्याला, दीडशे ग्रॅम पोत्याचं हाय."